दिव्यांग बोर्डापुढे जाण्याआधी: तपासणीची तयारी, पायरीपायरीने

बाबांचा उजवा हात मळणीयंत्रात सापडला त्याला आता बरीच वर्षं झाली. हात वाचला, पण तीन बोटं वळत नाहीत आणि मनगट अर्ध्यावर अडतं. दिव्यांग दाखल्यासाठी त्यांना जिल्ह्याला न्यायचं ठरलं. त्या दिवशी आईने पहाटे उठून त्यांना इस्त्रीचा सदरा घातला, गुंड्या लावल्या, पायजम्याची नाडी बांधून दिली. तपासणीच्या टेबलापाशी डॉक्टरांनी विचारलं, "शर्ट स्वतः घालता का?" बाबा म्हणाले, "हो साहेब, चालतंय." "जेवण?" "हो, हो." मागे रांगेत वीसेक माणसं उभी होती, त्यांत आमच्या गावातले दोघं. आई गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. दाखला आला तो ३५ टक्क्यांचा.

बाबा खोटं बोलले नव्हते. रोज दुसऱ्याच्या हाताने नाडी बांधून घ्यावी लागते हे चार लोकांत सांगायला त्यांची जीभ रेटली नाही, एवढंच. पण दाखल्यावर ४० च्या खालचा आकडा पडला की बहुतेक योजनांचं दार बंद होतं, आणि आमच्यासाठी ते त्या दोन 'हो'मुळे बंद झालं.

त्यानंतर तालुक्यातल्या अनेकांबरोबर मी बोर्डाच्या, म्हणजे दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या, दिवशी गेलो आहे. हाता-पायाचे, डोळ्याचे, कानाचे, मनाच्या आजाराचे, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे, सगळ्या तऱ्हेचे लोक होते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. तुमचा नेहमीचा डॉक्टर तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो, बोर्डाचा डॉक्टर मात्र तुम्हाला पहिल्यांदाच पाहतो आणि बाहेर रांग लागलेली असते. तुमचं रोजचं जगणं त्या काही मिनिटांत त्याच्यापर्यंत पोचवायचं काम तुमचं आहे. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

पायरी १: काय मोजलं जातं ते आधी समजून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. त्यामुळे "आमच्या आजाराला दाखला मिळत नाही" असं तुम्हाला पूर्वी कुणी सांगितलं असेल तर पुन्हा विचारा. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित, वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळं आता यादीत आहे.

टक्केवारी कशी काढायची याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०१८ मध्ये निघाली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली गेली. प्रत्येक प्रकाराचं मोजमाप वेगळं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत ते 'लक्षणीय दिव्यांगत्व'. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, एसटीची सवलत, हे सगळं या ४० च्या रेषेवर उभं आहे. पुढे ८० टक्क्यांची आणखी एक रेषा आहे. केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन ८० टक्क्यांवरच्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना मिळतं. आयकरातही, जुन्या करप्रणालीत, ४० टक्क्यांवर ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांवर सव्वा लाखाची वजावट आहे.

एक हिशोब लोकांना फार चक्रावून टाकतो. दोन अवयवांत किंवा दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा 'अ' आणि लहान आकडा 'ब' धरला तर सूत्र असं: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. एका गोष्टीचे ४० आणि दुसरीचे ३० टक्के असतील तर घरी आपण ७० मोजून बसतो. सूत्राने येतात सुमारे ५७. हे आधीच ठाऊक असलं तर दाखला हातात घेताना फसवल्यासारखं वाटत नाही.

पायरी २: अर्ज

पूर्वी हाताने लिहिलेले दाखले होते, मग राज्याच्या संगणक प्रणालीतले आले. आता सगळं यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राच्या ('स्वावलंबन कार्ड'च्या) संकेतस्थळावरून चालतं. जुना दाखला असला तरी यूडीआयडी करून घ्यावंच लागतं. अर्जाला सरकारी शुल्क नाही. सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत फॉर्म भरून घेतलात तर त्यांची भरणावळ द्यावी लागते, तेवढीच.

अर्ज भरताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली, नाव. आधारवर जसं आहे अक्षर न् अक्षर तसंच लिहा. पुढे बँक, संजय गांधी निराधार योजना, एसटीचं कार्ड, सगळीकडे त्या एका वेलांटीवरून माणसं परत फिरतात. दुसरी, मोबाइल नंबर. तो कॅफेवाल्याचा देऊ नका. ओटीपी पुढेही लागत राहतो. तिसरी, रुग्णालयाची निवड. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार राहत्या जिल्ह्यातल्या किंवा उपचार चालू असलेल्या ठिकाणच्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे मूळ गाव धाराशिवला आणि उपचार पुण्याला चालू असतील, तर दर वेळी गावी धावायची गरज नाही.

अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. त्याची छापील प्रत काढा आणि मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा. नियमाप्रमाणे अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. दोन वर्षं निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि पुन्हा करावा लागतो. म्हणून "फोन येईल" म्हणून वाट बघत बसू नका, स्वतः जाऊन विचारा.

पायरी ३: रोजचं जगणं लिहून काढा

कागदपत्रं कुणीही सांगेल. ही पायरी सहसा कुणी सांगत नाही, आणि बाबांच्या वेळी नेमकी हीच आमची राहिली.

हाताचं दिव्यांगत्व मोजताना सांधा किती वळतो, स्नायूंत किती जोर आहे, हे तर बघतातच. त्याशिवाय दहा कामांची एक यादी असते: डोक्यावरची वस्तू उचलणं, नाकाला हात लावणं, हाताने घास घेऊन जेवणं, केस विंचरणं किंवा वेणी घालणं, सदरा घालणं, शौचानंतर पाणी घेणं, ग्लासने पाणी पिणं, गुंड्या लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं आणि लिहिणं. प्रत्येक कामाला ९ टक्के, एकूण ९०. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळ्यांसमोर आईचीच पहाट आली. सदरा, गुंड्या, नाडी, तिन्ही कामं यादीत होती आणि तिन्ही तिने घरीच उरकून ठेवली होती.

पायाचंही असंच आहे. सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. सगळ्या गोष्टी आपल्या घरातल्या, शेतातल्या, देवळातल्या.

तेव्हा बोर्डाच्या किमान पंधरा दिवस आधी एक वही घ्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणतं काम कसं होतं ते लिहा. 'जमत नाही' एवढंच लिहून भागत नाही. मी लोकांना चार प्रश्न विचारायला सांगतो. हे काम एकट्याने होतं का? होत असेल तर किती वेळ लागतो? त्यात पडण्याची, भाजण्याची, लागण्याची भीती आहे का? आणि एकदा केल्यावर पुन्हा लगेच करता येतं का? जिना एकदा चढणारा माणूस दिवसातून चार वेळा चढू शकेलच असं नाही. बोर्डापुढे मात्र तो एकदाच चढतो.

लिहायचं ते असं: "पायजम्याची नाडी पत्नी बांधते. शौचाला जाताना नाडीऐवजी इलॅस्टिकची चड्डी घालावी लागते. घास डाव्या हाताने घेतो, भाकरी मोडता येत नाही, दुसऱ्याने मोडून द्यावी लागते. पेन धरता येत नाही, सही ऐवजी अंगठा." चार वाक्यं, पण यादीतली चार कामं त्यांत आली.

मदत करणाऱ्याला वेगळं लिहायला सांगा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दिव्यांग माणसाला आपल्या मदतीची सवय झालेली असते आणि ती मदत त्याला दिसेनाशी होते. "मी आंघोळ स्वतः करतो" म्हणणाऱ्या एका काकांच्या सुनेने लिहिलं होतं: पाणी काढून देणं, पाट ठेवणं, पाठ चोळणं, बाहेर येताना हात धरणं. दोघांनीही खरंच लिहिलं होतं.

वाईट दिवस आणि बरा दिवस, दोन्ही लिहा. संधिवात, पार्किन्सन, मनाचे आजार, सिकलसेल यांत दोन दिवस सारखे नसतात. आठवड्यातले किती दिवस कसे जातात ते आकड्यात लिहा.

आणि एक स्पष्ट सांगतो. जे नाही ते लिहू नका. लंगडत नसाल तर बोर्डापुढे लंगडू नका. डॉक्टर रोज शेकडो पाय बघतात, त्यांना कळतं, आणि एकदा संशय आला की तुमच्या खऱ्या त्रासावरही ते विश्वास ठेवत नाहीत. २०२४ साली पुण्यातल्या एका परिविक्षाधीन आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं प्रकरण गाजल्यापासून तपासणी जास्त कडक झाली आहे, आणि त्याची झळ प्रामाणिक माणसांनाच लागते. फसवणुकीने लाभ घेतला तर कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रुग्णालयाच्या फाटकावर "टक्के वाढवून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्याशी बोलायला थांबूही नका.

पायरी ४: पिशवी

आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतले फोटो, अर्जाची प्रत, जुना दाखला असेल तर तो. मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच. एवढं सगळे नेतात.

लोक विसरतात ते जुने कागद. पहिला केसपेपर, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, अपघाताची नोंद, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे), चालू औषधांच्या चिठ्ठ्या. तारखेप्रमाणे लावा, सर्वांत जुना कागद वर ठेवा. खासगी डॉक्टरचं प्रमाणपत्र दिव्यांग दाखला म्हणून चालत नाही, पण उपचाराचा पुरावा म्हणून ते उपयोगी पडतं. नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या: निदान काय, कधीपासून, कोणते उपचार झाले, आणखी सुधारणा होण्याची शक्यता आहे का. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण दाखला तात्पुरता द्यायचा की कायमचा हे त्यावर ठरतं. पक्षाघात किंवा अपघात ताजा असेल तर बोर्ड बहुधा काही महिने थांबायला सांगतो, कारण शरीर अजून सुधारत असतं.

वही आणली आहे ना? तिच्यातलं मुख्य तेवढं एका पानावर उतरवा. डॉक्टर अख्खी वही वाचणार नाहीत, एक पान मात्र वाचतात.

पायरी ५: बोर्डाचा दिवस

जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपण 'सिव्हिल' म्हणतो तिथे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत हे काम चालतं. बऱ्याच जिल्ह्यांत बुधवार हा बोर्डाचा वार. तरी जाण्याआधी आपल्या रुग्णालयात वार आणि त्या दिवशी तुमच्या आजाराचे तज्ज्ञ बसणार आहेत का, हे विचारून घ्या. हाडांचे डॉक्टर असतात आणि मानसोपचारतज्ज्ञ रजेवर असतात, असं होतं, आणि ऐंशी किलोमीटरचा फेरा फुकट जातो. मुंबईत मोठी सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयं आहेत, शिवाय हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वांद्र्याला श्रवणदोषासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा. सोबत एकच माणूस असा न्या, जो रोजची मदत करतो. शिकलेला भाचा किंवा ओळखीचा पुढारी नेण्यापेक्षा बायको, आई, मुलगी, सून यांपैकी जी रोज बघते तिला न्या. आणि तिला आधीच सांगून ठेवा की तिने गप्प बसायचं नाही. आपल्याकडे डॉक्टरांपुढे बाईने मध्ये बोलू नये अशी रीत आहे. मी ती घरीच मोडून घेतो. तिने एवढंच म्हणायचं: "साहेब, एक सांगायचं राहिलं," आणि ते पान पुढे करायचं.

पोशाख रोजचा ठेवा. स्वच्छ जरूर, पण घरी ज्या चपला, ज्या काठीने चालता त्याच न्या. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), कुबडी, चष्मा, श्रवणयंत्र सोबत ठेवा. लावून दाखवायचं की काढून, ते डॉक्टर सांगतील.

प्रश्नांची उत्तरं देताना 'हो' किंवा 'नाही' वर थांबू नका. "चालता येतं का?" याचं उत्तर, "घरातल्या घरात येतं. रस्त्यावर शंभर पावलांत बसावं लागतं." "काम करता का?" याचं उत्तर, "दुकानात बसतो, पण माल भाऊ उचलतो." म्हणणं तेच असतं, पण डॉक्टरांना त्यातून मोजता येईल असं काही मिळतं. "चालतंय साहेब" हे दोन शब्द तेवढे घरी ठेवून या. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, हालहवाल विचारली की "बरं आहे" म्हणायची. पाहुण्यांपुढे ती शोभते. तपासणीत ती तुमच्याविरुद्ध लिहिली जाते.

दुखत असेल तर सांगा. कोन मोजण्यासाठी सांधा वळवताना कण्ह दाबून सहन करणारे पुरुष मी पाहिले आहेत. दुखलं की "इथून पुढे दुखतं" असं त्याच क्षणी म्हणा.

सगळ्यांसमोर कपडे सरकवायला सांगितले तर पडदा लावायला सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील तर सोबत परिचारिका किंवा घरची बाई हवी असं म्हणा. शौचाबद्दल, लघवीबद्दल, पाळीबद्दल रांगेसमोर बोलणं जड जातं. म्हणूनच ते पानावर लिहायचं आणि बोटाने दाखवायचं.

अंथरुणावरच असलेल्या माणसासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विनंती करा आणि तालुक्यात शिबिर कधी आहे ते विचारा. शिबिरात गर्दी फार असते, तपासणी आणखी घाईत होते, म्हणून तिथे तर ते पान हवंच.

पायरी ६: तुमच्या प्रकाराप्रमाणे

डोळे. दोन्ही डोळ्यांची नजर चष्मा लावून जितकी सुधारते तितकी सुधारून मग मोजतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात. एका डोळ्याने ड्रायव्हरची नोकरी गेलेल्या माणसाला हे पटत नाही, आणि मला त्याचं दुःख कळतं. पण नियम असा आहे, त्यासाठी अपिलात पैसे घालवू नका. नजर ठीक पण बाजूचं दिसत नाही, अशी तक्रार असेल (काचबिंदू, रातांधळेपणा) तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करायला आवर्जून सांगा, नाहीतर नुसता तक्ता वाचून घेतात.

कान. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलपर्यंत दोष असेल तर कमी ऐकू येणारे आणि ७० डेसिबलपासून बहिरेपण, असं कायदा म्हणतो. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन असतं: चांगल्या कानाचे टक्के गुणिले ५, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवा, आणि त्या सगळ्या बेरजेला ६ ने भागा. म्हणून एक कान पूर्ण बंद आणि दुसरा शाबूत असेल तर १७ टक्क्यांच्या आसपासच येतं. लहान मुलाला ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या नेहमीच्या चाचणीत, बटण दाबणं जमत नाही. त्याची बेरा चाचणी लागते, तीत मुलाला काही सांगावं लागत नाही. तिची तारीख आधी घेऊन ठेवा, बोर्डाच्या दिवशी ती होईलच असं नाही.

मनाचे आजार. इथे लोकांवर सर्वांत जास्त अन्याय होताना मी पाहिला आहे, कारण समोरचा माणूस धडधाकट दिसतो. आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ४ गुण. त्यात आजार किती वर्षांचा आहे याचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत १, दहा वर्षांवर ४. एकूण ७ गुण झाले की ४० टक्के. म्हणून पहिला केसपेपर सोन्यासारखा जपा. तो नसेल तर दहा वर्षांचा आजार कागदावर दोन वर्षांचा होतो. घरकामही 'काम' आहे. बाईला विचारलं "काय करता?" आणि ती म्हणाली "घरीच असते", तर सोबतच्याने सांगायचं की चुलीवर दूध ठेवून ती विसरते, म्हणून तिला स्वयंपाकघरात एकटं सोडत नाहीत. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, रात्री कोण जागतं, औषध कोण देतं, हे सगळं त्या चार रकान्यांत बसतं.

स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं. आयसा या ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर तपासतात. रुग्णालयाच्या गोंगाटात मूल एकतर बिथरतं किंवा अगदी गोठून गप्प बसतं. दोन्ही ते रोजचं मूल नव्हे. घरी मोबाइलवर लहान लहान चित्रफिती काढून ठेवा: जेवताना, कपडे बदलताना, पाहुणे आल्यावर, हट्ट अनावर झाल्यावर. प्रत्येक एका मिनिटाची पुरे. खाऊ, आवडतं खेळणं, कान झाकायचं काही, सोबत घ्या.

वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता. तपासणी साधारण आठव्या वर्षापासून, म्हणजे तिसरीच्या सुमारास होते. पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासतात. मुंबईच्या केंद्रांत मोठी रांग असते. दहावीच्या फॉर्मच्या वेळी जागे होऊ नका, आठवीतच नंबर लावा. शाळेच्या वह्या, शिक्षकांचं पत्र, नापास झालेल्या उत्तरपत्रिका टाकून देऊ नका.

सिकलसेल. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार घराघरांत आहे. एएस म्हणजे वाहक, त्याला दाखला मिळत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. गावातल्या शिबिरातली प्राथमिक चाचणी पुरत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट लागतो. किती वेळा रक्त चढवलं, किती वेळा दुखण्याने दवाखान्यात भरती केलं, याचे कागद जमवा. या आजारात माणूस बोर्डाच्या दिवशी नेमका बरा असतो.

पायरी ७: दाखला आला की आधी वाचा

घरी जाऊन नव्हे, जमलं तर तिथेच. नाव, जन्मतारीख, कोणता अवयव, डावा की उजवा, टक्केवारी आकड्यात आणि अक्षरात सारखी आहे का, तात्पुरता की कायमचा, तात्पुरता असेल तर कधीपर्यंत. 'उजवा' ऐवजी 'डावा' टंकलेला दाखला मी पाहिला आहे. तो दुरुस्त व्हायला पाच महिने लागले.

यूडीआयडी कार्डाचे आता तीन रंग आहेत. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. कार्ड टपालाने येतं, पण त्याआधीच संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. हा दाखला देशभर चालतो. सुरतला किंवा बेंगळुरूला गेलात तरी पुन्हा तपासणी मागण्याचं कारण नाही.

तात्पुरत्या दाखल्याची मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाला लागा. दाखला संपला की अनुदान थांबतं, आणि ते पुन्हा सुरू करायला पहिल्यापेक्षा जास्त खेटे पडतात.

पायरी ८: पटलं नाही तर

कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दाखल्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. नियमांत त्यासाठी निर्णयापासून ९० दिवसांची मुदत आहे. अपील कोणाकडे करायचं ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मागा. तुमच्या तपासणीचा कागद, म्हणजे कोणत्या कामाला किती गुण दिले तो, माहिती अधिकारात मागता येतो. तो हातात आल्याशिवाय अपील लिहू नका, कारण "टक्के कमी दिले" या वाक्याने काही होत नाही. "नाडी बांधणे आणि गुंडी लावणे या कामांत अडचण नाही अशी नोंद आहे, प्रत्यक्षात दोन्ही कामं पत्नी करते" असं लिहिलं तर पुढच्या डॉक्टरांना नेमकं काय बघायचं ते कळतं.

आम्ही तेच केलं. दुसऱ्या वेळी आईने बाबांना सदरा दिला पण गुंड्या लावल्या नाहीत. वर शाल घातली. बाबांना ते अजिबात आवडलं नव्हतं, बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. डॉक्टरबाईंनी पान वाचलं, शाल काढायला सांगितली आणि म्हणाल्या, "लावा बरं गुंड्या. वेळ घ्या." पहिल्या गुंडीला बराच वेळ गेला. दुसरी लागलीच नाही. त्यांनी थांबवलं आणि "असू द्या बाबा" म्हणत स्वतःच्या हाताने लावून दिली. दाखला ४८ टक्क्यांचा आला.

४० च्या आतच राहिलं तर

तो कागद फेकून देऊ नका. आरक्षण आणि बहुतेक अनुदानं मिळणार नाहीत हे खरं. पण दिव्यांग व्यक्ती असण्यासाठी ४० टक्के लागत नाहीत. कामाच्या ठिकाणी, शाळेत वाजवी सोय मागण्याचा हक्क त्याखालीही आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. बोटांत पेटके येणाऱ्या त्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक मिळाला पाहिजे, असा तो निकाल. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी लेखनिकाच्या सूचना काढल्या. मुलाला ३० टक्के मिळाले आणि तो पेपर पुरा करू शकत नसेल, तर परीक्षेच्या फॉर्मसोबतच लेखनिकाचा किंवा जादा वेळेचा अर्ज द्या. त्यासाठी लिहिण्यातली अडचण प्रमाणित करणारं वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळ्या नमुन्यात लागतं, त्याची तयारी दोन महिने आधी सुरू करा.

आजार वाढणारा असेल तर वही बंद करू नका. दर महिन्याला एक पान लिहीत राहा, तारीख टाकून. दोन वर्षांनी पुन्हा तपासणीला जाल तेव्हा काय काय हातातून सुटत गेलं ते त्या पानांवर सापडेल.